भांड्यांतील विष आणि ताटांतील उतारा

अलीकडे आमच्या सुशिक्षित घरांतून एक नवी श्रद्धा रुजूं लागली आहे. पूर्वीं पापाला प्रायश्चित्त असे. आतां प्लास्टिकाला आवळा आहे. कढत आमटी प्लास्टिकच्या डब्यांत भरावयाची, लोणचें प्लास्टिकच्या बरणींत मुरवावयाचें, आणि रात्रीं निजतांना हळद घातलेलें दूध पिऊन दिवसभराचें विष उतरलें असें समजून निश्चिंत व्हावयाचें, असा हा क्रम आहे. या श्रद्धेला आधार म्हणून वर्तमानपत्राचें एखादें कात्रण पुढें केलें जातें. प्लास्टिकांतील रसायनांमुळें जननग्रंथींना होणारा अपाय अमुक वनस्पतीच्या अर्कानें टळला, असें त्यांत छापलेलें असतें. कात्रण खोटें नसतें. मात्र तो अपाय कोणाचा टळला, अर्काची मात्रा किती होती आणि तो केव्हां पाजला, हें त्यांत बहुधा नसतें. असलेंच तर शेवटच्या ओळींत असतें, आणि तेथपर्यंत वाचण्याची आपणांस संवय नाहीं. या शेवटच्या ओळीविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

विषय थोडा संकोचाचा आहे हें आम्ही जाणून आहों. परंतु र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें त्यास आतां शंभर वर्षें होत आलीं. शिवाय ज्या घरांत लग्न जुळवितांना गोत्र आणि नाडी मोकळेपणानें विचारतात, त्या घरांत वृषण आणि बीजाशय हे शब्द उच्चारावयास लाजावें असें आम्हांस वाटत नाहीं.

प्लास्टिक हा शब्द आपण एकवचनीं वापरतों. वस्तुतः ती एक मोठी जात असून तींत बऱ्यावाईट अनेक पोटजाती आहेत. दूध ज्या पातळ पिशवींतून येतें ती पॉलिथिनची असते. आजच्या विषयांतील दोन्ही रसायनांची तिच्या घडणींत गरज लागत नाहीं. त्या दोहोंपैकीं पहिलें बिस्फेनॉल-ए. रशियन रसायनज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनीं तें १८९१ सालीं प्रथम तयार केलें. पुढें लंडनचे एडवर्ड डॉड्स हे स्त्रियांच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखें काम करणारें कृत्रिम द्रव्य शोधीत असतां, १९३६ सालीं त्यांना बिस्फेनॉलांत तो गुण, मंद कां होईना, आढळून आला. त्याहून पुष्कळ प्रबळ द्रव्य लौकरच हातीं लागल्यामुळें औषध म्हणून बिस्फेनॉल मागें पडलें. नंतर १९५३ सालीं जर्मनी व अमेरिका या दोन्ही देशांत त्यापासून पॉलिकार्बोनेट नांवाचें कांचेसारखें पारदर्शक व न फुटणारें प्लास्टिक बनलें, आणि जें द्रव्य औषधाच्या कपाटांत जावयाचें तें स्वयंपाकघरांत येऊन बसलें. पिण्याच्या पाण्याचे मोठे कडक जार, डबाबंद अन्नाच्या पत्र्याला आंतून दिलेला लेप, दुकानांतील यंत्रांतून निघणारी गुळगुळीत पावती, अशा ठिकाणीं तें असूं शकतें.

दुसरें कुल थॅलेटांचें. पीव्हीसी हें प्लास्टिक मुळांत कडक; त्यास मऊपणा यावा म्हणून तेलासारखीं हीं द्रव्यें त्यांत मिसळतात. तीं प्लास्टिकाशीं रासायनिक बंधानें जखडलेलीं नसतात. भज्यांतील तेल जसें खालच्या कागदांत उतरतें, तशीं तीं हळूहळू बाहेर पडतात, आणि तेलातुपाशीं त्यांची विशेष मैत्री असते. गर्भावस्थेंतील उंदराच्या मादीस यांतील कांहीं थॅलेटें मोठ्या मात्रेंत दिलीं, तर तिच्या नर पिलांच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन हें पुरुषसंप्रेरक कमी बनतें व त्यांच्या जननेंद्रियांची घडण बिघडते, हें वारंवार दिसून आलें आहे.

बिस्फेनॉलाचा बीजाशयावरील परिणाम तर अपघातानेंच उघडकीस आला. १९९८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें पॅट्रिशिया हंट या विदुषी उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास करीत होत्या. ज्या माद्यांना कांहींही दिलेलें नव्हतें, त्यांच्याच बीजांत गुणसूत्रांच्या विभागणीचा दोष शेंकडा १-२ वरून एकाएकीं ४० पर्यंत चढला. शोध घेतां असें निष्पन्न झालें कीं, पिंजरे व पाण्याच्या बाटल्या चुकून भलत्याच तीव्र साबणानें धुतल्या गेल्या होत्या. त्यामुळें पॉलिकार्बोनेट झिजून त्यांतून बिस्फेनॉल पाझरत होतें. हा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें बाजारांत 'बीपीए-विरहित' अशी चिठ्ठी लावलेलीं भांडीं आलीं, आणि कित्येकांत बिस्फेनॉल-ए च्या जागीं त्याचेंच भावंड बिस्फेनॉल-एस आलें. सुमारें वीस वर्षांनीं त्याच बाईंच्या प्रयोगशाळेंत पुन्हां तोच प्रकार घडला. या वेळीं पिंजरे निराळ्या प्लास्टिकाचे होते, ते जुने होऊन झिजले होते, आणि पाझरणारें द्रव्य बिस्फेनॉल-एस होतें. तें निवेदन २०१८ सालचें आहे. आमच्या घरांतील जुन्या डब्यांच्या आंतल्या बाजूस घासणीचे ओरखडे पाहतांना आम्हांस या दोन निवेदनांची आठवण होते.

हीं द्रव्यें अपाय करितात तो मुख्यतः दोन वाटांनीं. एक वाट सोंगाची: संप्रेरकाचें सोंग घेऊन किंवा संप्रेरकाच्या कामांत अडथळा आणून तीं ग्रंथींस चुकीचे निरोप देतात. दुसरी वाट खवटपणाची. पेशींत प्राणवायूपासून कांहीं उतावीळ रेणू सतत उत्पन्न होत असतात. ते फार झाले म्हणजे जवळच्या स्निग्ध द्रव्यांस बिघडवितात. तूप खवट होतें ती हीच क्रिया. शुक्रजंतूचें आवरण अशा लौकर बिघडणाऱ्या स्निग्ध द्रव्यांनीं भरलेलें असतें, आणि त्याचें अंग इतकें सुटसुटीत असतें कीं, रक्षण करणारीं विकरें सांठविण्यास त्यांत फारशी जागा उरत नाहीं. जॉन मॅक्लिऑड यांनीं १९४३ सालींच दाखविलें होतें कीं, प्राणवायूच्या अतिरेकानें मानवी शुक्रजंतु निश्चल होतात, आणि कॅटलेज नांवाचें विकर जवळ असल्यास त्यांचा बचाव होतो.

येथें वनस्पतींचा प्रवेश होतो. झाडाला उन्हांतून उठून सावलींत जातां येत नाहीं. म्हणून या खवटपणाशीं झुंजणारीं द्रव्यें तें स्वतःच्या अंगांत बाळगतें. हळदींतील कर्क्युमिन, कांद्यांतील क्वेर्सेटिन, टोमॅटोंतील लायकोपीन, चहांतील कॅटेचिनें, आवळ्यापेरूंतील क जीवनसत्त्व हीं त्यांपैकीं कांहीं. उंदरांस बिस्फेनॉल अथवा थॅलेट पाजून त्याबरोबर यांतील एखादें द्रव्य दिलें, तर शुक्रजंतूंची संख्या, टेस्टोस्टेरॉनचें मान आणि वृषणांतील संरक्षक द्रव्यें पुष्कळ अंशीं टिकून राहतात, असे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत, आणि आपल्याही देशांत झाले आहेत. हें ज्ञान क्षुल्लक नव्हे. अपाय कोणत्या वाटेनें शिरतो तें त्यांतून कळतें. परंतु सोंगाची जी पहिली वाट, ती आवळ्यानें बंद होते असें यावरून ठरत नाहीं.

शिवाय मात्रेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, उंदरास दर किलो वजनामागें १०० मिलिग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलें. उंदराच्या शरीराचा व्यवहार जलद असल्यामुळें त्याची मात्रा माणसास लावतांना ती सुमारें सहानें भागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास दररोज सुमारें १ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन झालें. हळदीच्या पुडींत कर्क्युमिन शेंकडा ३ च्या आसपास असतें. तेव्हां १ ग्रॅमसाठीं ३० ग्रॅमहून अधिक हळद रोज पोटांत जावयास हवी. आमटीभाजींतून आपण खातों ती चिमूटभर, आणि तिच्यांतलेंही कर्क्युमिन आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें शिरतें. काळाचीही गोष्ट अशीच आहे. अशा कित्येक प्रयोगांत विष व उतारा हीं एकाच दिवशीं, एकाच नळीनें पाजलेलीं असतात. दहा वर्षें डब्यांतलें खाऊन अकराव्या वर्षीं चूर्ण सुरू करणाऱ्या गृहस्थाची स्थिति त्या उंदरासारखी नसते.

माणसांवर काय दिसलें तेंही सांगितलें पाहिजे. १९९१ सालच्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत निरोगी पुरुषांच्या आहारांतील क जीवनसत्त्व दररोज २५० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणलें, तेव्हां त्यांच्या शुक्रजंतूंतील आनुवंशिक द्रव्याची खराबी जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे उणीव वाईट हें खरें. परंतु उणीव नसतां भर घातल्यानें लाभ होतो काय? २०२० सालीं अमेरिकेंतच सुमारें १७० जोडप्यांवरील एका परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. पुरुषांस क व ई जीवनसत्त्वें, सेलेनियम, जस्त, लायकोपीन इत्यादिकांचें मिश्रण कांहीं महिने दिलें होतें. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांहून त्यांचे शुक्रजंतु अधिक सुधारले नाहींत. त्याच वर्षीं २,३७० पुरुषांवरील दुसऱ्या परीक्षेंत फॉलिक आम्ल व जस्त यांनीं अपत्यजन्माचें प्रमाण वाढलें नाहीं. या परीक्षा प्लास्टिकाच्या नव्हत्या हें खरें; परंतु अपत्यहीन जोडप्यांस चूर्णें विकणाऱ्यांनीं ज्या आशेवर दुकान मांडलें आहे, त्या आशेची परीक्षा त्यांत झाली.

हा विषय आम्हांस केवळ ग्रंथांतून भेटला असता तर कदाचित् आम्हीं लेखणी उचलली नसती. आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं मुलाच्या लग्नास चार वर्षें होऊन गेलीं तरी पाळणा हालला नव्हता. सूनबाई ३३ वर्षांच्या. वहिनींनीं मोठ्या मायेनें कोठून कोठून चूर्णें, रस, गोळ्या आणविल्या आणि त्या सर्व सूनबाईंस दिल्या. पुतण्यास कांहीं नाहीं. "प्लास्टिकच्या डब्यांतलें खाऊन हिच्या आंत विष सांठलें आहे, तें एकदां उतरूं द्या," असें त्या येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत. असें दीड वर्ष गेलें. आम्ही एके दिवशीं तेथें गेलों असतां सूनबाईंनीं आमच्यापुढें तो पेला प्यावयास घेतला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्या गेल्यावर आम्हीं विचारलें, "वहिनी, मुलाची तपासणी झाली काय?"

"त्याला काय झालें आहे, भावोजी? आणि ही वनस्पतीच ना? झाडपाल्यानें अपाय तो कसला व्हायचा?"

त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं आधीं दिलें, कारण पहिल्यापेक्षां तें सोपें होतें. सरकी ही वनस्पतीच आहे. तिच्यांतील गॉसिपॉल नांवाचें द्रव्य पुरुषांचें बीज इतकें क्षीण करितें कीं, चीनमध्यें १९७० नंतरच्या दशकांत हजारों पुरुषांस तें संततिप्रतिबंधक म्हणून देऊन पाहिलें. ज्या खेड्यांतून सरकीचें कच्चें तेल खात, तेथें अपत्यें होत नव्हतीं, यावरून ही कल्पना निघाली होती. कांहींची जननशक्ति औषध थांबविल्यावरही परतली नाहीं व रक्तांतील पोटॅशियम घटूं लागलें, म्हणून तो नाद सोडावा लागला. बाजारांतील शुद्ध केलेल्या तेलांत हें द्रव्य काढून टाकलेलें असतें. तेव्हां त्याची भीति बाळगावयास नको. तसेंच हळदीच्या तीव्र गोळ्यांनीं यकृतास सूज आल्याचीं उदाहरणें इटलींत २०१९ सालीं नोंदलीं गेलीं. "झाडाला आपल्या सुनेची माया नसते, वहिनी," आम्ही म्हणालों, "मात्रा आणि प्रसंग पाहिल्यावांचून तें औषधही नव्हे आणि अन्नही नव्हे."

पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुतण्यास एकट्याला गांठून दिलें. तो शिकलेला आहे. लाजला, पण गेला. त्याच्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. या विकारास डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात; पुरुषांच्या वंध्यत्वाच्या कारणांत तो नेहमीं आढळणारा आहे, आणि पुष्कळदां त्यावर शस्त्रक्रिया करतां येते. ती झाली. पुढें काय होईल तें आज कोणासच सांगतां येणार नाहीं. स्त्रीबीजांचा सांठा जन्मतःच ठरलेला असतो, आणि पस्तिशीनंतर तो अधिक वेगानें ओसरतो. म्हणून चूर्णांत गेलेल्या त्या दीड वर्षाची किंमत वहिनींच्या मायेनें भरून निघणारी नाहीं. तपासणीनंतर एक गोष्ट मात्र तत्काळ झाली. "हिच्या आंत विष आहे" हें वाक्य त्या घरांत पुन्हां कोणी उच्चारलें नाहीं.

मग प्लास्टिकाचें भय सर्वस्वीं खोटें काय? तसें नाहीं, आणि येथेंच या विषयांतील दिलासा देणारी गोष्ट आहे. बिस्फेनॉल शरीरांत वर्षानुवर्षें सांठून राहत नाहीं. पोटांत गेलेला बहुतेक भाग एका दिवसांत मूत्रावाटे निघून जातो. तो रोज दिसतो तो रोज नव्यानें येतो म्हणून. २०११ सालीं कॅलिफोर्नियांतील पांच कुटुंबांच्या २० माणसांस तीन दिवस ताजें, डबाबंद नसलेलें व प्लास्टिकांत न ठेवलेलें अन्न दिलें. तेवढ्यांत त्यांच्या मूत्रांतील बिस्फेनॉल सरासरीनें शेंकडा ६६ आणि डीईएचपी या मुख्य थॅलेटाचे अंश शेंकडा ५० हून अधिक उतरले. यासाठीं कांहींही खावें लागलें नाहीं. कांहीं भांडीं तेवढीं टाळावीं लागलीं.

याच्या पुढची गोष्ट आपल्या गृहिणींनीं विशेष ध्यानांत ठेवावी अशी आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत असेंच ताजें अन्न मोठ्या काळजीनें पुरविलें असतां थॅलेटांचें मान उतरण्याऐवजीं वीस पटींहून अधिक चढलें. अन्नाची तपासणी केली तेव्हां दोष दुधांत आणि धणेपुडींत सांपडला. धणेपुडींतील थॅलेटाचें प्रमाण तर थक्क करणारें होतें. घरांत येण्यापूर्वींच, कोठल्या तरी नळींतून, यंत्रांतून वा वेष्टणांतून तें शिरलें असलें पाहिजे. म्हणून सर्व भार घरधनिणीवर टाकणें अन्यायाचें आहे. कायद्याचेंही यांत काम आहे. युरोपांत २०११ सालीं तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए बंद झालें. २०२३ सालीं तेथील अन्नसुरक्षा संस्थेनें त्याची दररोज सोसण्याजोगी मात्रा पूर्वीच्या वीस हजारांश केली, आणि २०२४ च्या अखेरीस अन्नाशीं संबंध येणाऱ्या वस्तूंतून तें काढून टाकण्याचा निर्णय झाला. इतकी खालीं मात्रा आणणें जर्मनींतील अधिकृत संस्थेस मान्य झालें नव्हतें; तेव्हां धोका आहे याबद्दल नसला तरी तो केवढा आहे याबद्दल विद्वानांत मतभेद आहे. मतभेद असतां घाबरून जाणें नको. पण जें सहज टाळतां येतें तें टाळण्यास विद्वानांचें एकमत होईपर्यंत थांबण्याचेंही कारण नाहीं.

कोणता पदार्थ कोणत्या भांड्यांत ठेवावा, हा विवेक आपल्या घरांतून नवा नाहीं. पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें हें लहान मुलीलाही ठाऊक असे. म्हणून कल्हईवाल्याची हांक आली कीं भांडीं बाहेर पडत. लोणच्यास चिनी मातीची बरणी, दह्यास दगडी, दुधास निराळें पातेलें अशी व्यवस्था असे. पूर्वजांना बिस्फेनॉल ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आम्हांस नाहीं. त्यांना कळकणें ठाऊक होतें, आणि त्यांनीं त्यावरून नियम केला. आपल्याला जें ठाऊक झालें आहे त्यावरून आपणही करावा. कढत, तेलकट आणि आंबट हे तीन पदार्थ प्लास्टिकांत घालूं नयेत. ओरखडे पडलेला, धुरकट झालेला डबा जेवणासाठीं वापरूं नये. त्यांत सुया-दोरे खुशाल ठेवावे. अन्न गरम करण्याच्या विजेच्या पेटींत कांचेचें वा चिनी मातीचें भांडें वापरावें. उपाहारगृहांतून आमटी आणावयाची तर घरून स्टीलचा डबा न्यावा. धणे आणून घरीं कुटावे. त्यानें सारें टळेल असें नाहीं, पण मधला एक हात कमी होईल आणि वासही अधिक चांगला येईल. घरांत गर्भिणी किंवा तान्हें मूल असेल तर हे नियम अधिक कसोशीनें पाळावे.

आणि आवळा? तो अवश्य खावा. १०० ग्रॅम पेरूंत सुमारें २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतें, आवळ्यांत त्याहूनही अधिक. हिंवाळ्यांत दोन्ही स्वस्त असतात. तीं फळें चवीसाठीं आणि पोषणासाठीं खावीं, मुलांस द्यावीं, नव्या सुनेस द्यावीं आणि तिच्या नवऱ्यासही तितकींच द्यावीं. मूल होत नसेल तर दोघांनीं एकाच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. चूर्णाचा पेला एकटीच्याच हातीं देण्याची चाल आमच्या घरांतून जितक्या लौकर जाईल तितकें बरें.